दादाच्या रेडीमेड ओळी

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कीबोर्डच्या बटणांखाली बिस्किटाचा चुरा साठतो ना, तसे ते साठतात. मी मोबाईल-लॅपटॉप उघडणारा माणूस आहे, मला माहीत आहे. वरून सगळं स्वच्छ दिसतं. उलटं करून टेबलावर आपटलं की कळतं, चार वर्षांत काय काय खाल्लं गेलंय ते!

माझा मोठा भाऊ प्रशांत साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत आयफोनची ॲप बनवायचा. दोन महिन्यांपूर्वी तो डेंग्यूने गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याआधी अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. बंद मी केलं होतं. आता मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. दादा माझ्यावर चिडलेला असतानाच गेला का?

आईला हे विचारायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून मी त्याच्या ऑफिसात जातो आणि एकेकाला विचारतो, "शेवटी शेवटी माझ्याबद्दल काही बोलला का रे?" समोरचा पाण्याची बाटली उघडतो, बंद करतो. मग म्हणतो, "अरे, तुला तो किस्सा माहितीये का?"

त्यामुळे माझ्याकडे उत्तर नाही. किस्से आहेत. काही माझ्यासमोर घडलेले, काही त्यांनी सांगितलेले.

* * *

कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला तिसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खालच्या मजल्यावर पत्र्याचे डबे दाबायचं मशीन. ते दर थोड्या वेळाने धाडकन पडायचं आणि वर सगळ्यांचे स्क्रीन एकदम थरथरायचे. नवीन माणूस दचकायचा. जुना माणूस सुट्टीच्या दिवशी घरी शांततेत दचकायचा!

माणसं चारच. मालक परांजपे सर, पार्ल्याचे, शर्ट कायम इस्त्रीचा. मेघना, मुलुंडची, दादाच्या शेजारी बसून दादासारखंच काम करणारी. रोहन, बोरिवलीचा, स्क्रीनची चित्रं काढणारा डिझायनर. आणि दादा.

मी घाटकोपर स्टेशनबाहेर मोबाईल रिपेअरिंगचं काउंटर चालवतो. एकदा टेस्टिंगचा फोन पडून फुटला म्हणून दादाने मला ऑफिसात बोलावलं. मी डिस्प्ले बदलत होतो, सर मागे उभे राहून बघत होते.

"शिक्षण किती तुझं?"

"नववी."

"नववी पास?"

"नववी दोनदा."

दादाने मान खाली घातली. सर मात्र उभ्या उभ्या खूश झाले. "प्रशांत, अरे हाच माणूस हवा होता! आपण सगळे इंजिनियर. आपल्याला सगळं कळतं, म्हणून आपली ॲप कोणाला कळत नाहीत!"

तेव्हापासून दर मंगळवारी आमचं मार्केट बंद असलं की मी तिकडे. दादा हातात फोन द्यायचा आणि म्हणायचा, "मी काही सांगणार नाही. वापर." माझा अंगठा कुठे अडखळला की तो वहीत टिपून घ्यायचा. मास्तरांपासून मार्केटवाल्यांपर्यंत सगळ्यांनी मला अंगठाबहाद्दर म्हटलंय. त्या अंगठ्याकडे इतक्या आदराने बघणारा एकच माणूस झाला.

* * *

पहिल्याच मंगळवारी मी विचारलं, "दादा, तू नक्की करतोस काय?"

तो म्हणाला, "याद्या."

मला वाटलं टाळतोय. पण खरंच तसं होतं. फोनमध्ये बघा, सगळीकडे याद्याच असतात. नावांची यादी, मेसेजची यादी, सेटिंग्जची यादी. एकाखाली एक ओळी. त्या ओळीला ते लोक सेल म्हणतात. आणि या ओळी कशा दिसाव्यात याचे चार रेडीमेड साचे आयफोनबरोबरच येतात. एक शब्द लिहायचा, साचा लागू. स्वतः रंगवायचं, मापं घ्यायची गरज नाही.

मला कळेना. तेव्हा तो मला जिन्यात घेऊन गेला. इस्टेटच्या गाळ्यांच्या पाट्या दाखवल्या. "ही बघ, नुसतं नाव. हा पहिला साचा. इथे नाव आणि खाली बारीक अक्षरात धंदा. हा दुसरा. आता ही बघ, डावीकडे साहेबांचं नाव आणि उजवीकडे सरकणारी पट्टी, 'आहेत' किंवा 'नाहीत'. हा तिसरा."

"आणि चौथा?"

"चौथ्यात डावीकडे बारीक अक्षरात 'घर' नाहीतर 'ऑफिस', आणि लगेच शेजारी नंबर. तो आता कोणी फारसा वापरत नाही."

"मग ठेवलाय कशाला?"

"तुला आई घरात कशाला ठेवते?"

जिन्यातून वर येणारा डब्याच्या कारखान्याचा माणूससुद्धा हसला. मला राग आला. मला राग फार पटकन येतो.

* * *

रोहनला दादाचे रेडीमेड साचे म्हणजे डोक्याला ताप. तो म्हणायचा, "यार, तू रेशनच्या दुकानासारखी ॲप बनवतोस." तो स्वतः एकेक ओळ अशी काढायचा की लग्नपत्रिका वाटावी. गोल कोपरे, सावल्या, मागे फिकट रंग उतरत गेलेला.

घाटकोपरच्या एका हार्डवेअरवाल्या काकांचं काम आलं. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, सगळ्या मालाची यादी. रोहन तीन आठवडे त्या एका ओळीवर बसला. दादाने तोवर बाजूला आपली साधी ओळ तयार ठेवली. सर म्हणाले, दोन्ही दाखवू.

काका आले. खिशातून स्वतःचा फोन काढला. वय सत्तरीचं, फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. रोहनची ॲप त्यात टाकली. मोठ्या अक्षरांनी ती नाजूक ओळ अशी काही फुटली की बिजागरीचं फक्त 'बिजा' उरलं आणि वरचा अर्धा स्क्रू सावलीत गेला. दादाची ओळ अक्षरांबरोबर आपली आपण फुगली. नाव खाली उतरलं, पण पूर्ण दिसलं.

काकांनी दोन्ही बघितल्या. रोहनकडे बोट करून म्हणाले, "ये अच्छा दिखता है." मग दादाकडे बोट केलं. "ये दिखता है."

रोहन त्या दिवशी जेवला नाही. दादाने डब्यातली आईच्या हातची कुर्ल्यांची आमटी त्याच्यासमोर सरकवली. रोहन म्हणाला, "मी खेकडे खात नाही." दादा म्हणाला, "मग नुसतं बघ. छान दिखता है."

हा किस्सा रोहनने सांगितला. सांगताना मध्येच उठून वॉशरूमला गेला आणि बराच वेळ आला नाही.

* * *

सरांना मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "अरे, तुला तो तक्त्याचा किस्सा माहितीये का?"

एका वर्षी सरांना कोणीतरी सांगितलं की कोणी किती कोड लिहिलं ते मोजावं. सरांनी तक्ता करून भिंतीवर लावला. मेघना सगळ्यात वर. दादाच्या नावासमोरचा आकडा शून्याच्याही खाली! म्हणजे लिहिलं त्यापेक्षा पुसलंच जास्त.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "प्रशांत, तू वर्षभर केलंस तरी काय?"

दादा म्हणाला, "बाकीच्यांनी केलेलं काढलं, सर."

तक्ता दुपारपर्यंत उतरला. सर म्हणतात, तो खिळा अजून भिंतीत आहे. मी बघितला. आहे.

"आणि माझ्याबद्दल?" मी पुन्हा विचारलं.

सर खिळ्याकडे बघत म्हणाले, "चहा घेणार का रे?"

* * *

पार्ल्याच्या एका मावशींचं वधू-वर सूचक मंडळ होतं. वह्या बंद करून त्यांना ॲप हवी होती. वर मुलीचं नाव, खाली बारीक अक्षरात उंची, नोकरी आणि जे काय असेल ते. दुसरा साचा. मेघनाने दोन दिवसांत करून दिलं. मावशी खूश. पेढे पाठवले.

चौथ्या दिवशी मावशी स्वतः आल्या. तीन मजले चढून. दम लागलेला, पण आवाज शाबूत.

झालं होतं असं. यादी लांब असली तरी फोन शंभर ओळी बनवत नाही. दहा-बाराच बनवतो. वरची ओळ स्क्रीनबाहेर गेली की तीच पुसून खाली नव्या नावाला वापरतो. मेसमध्ये ताटं धुऊन पुढच्या पंगतीला वाढतात तसं. पण ज्या मुलीची खालची माहितीच भरलेली नव्हती, तिच्या वेळी मेघना पुसायला विसरली. ताट धुतलंच नाही! आधीच्या मुलीचं 'घटस्फोटित, अपत्य एक' तसंच राहिलं आणि ते येऊन बसलं मावशींच्या स्वतःच्या भाचीच्या नावाखाली.

"अहो, आमच्या पोरीचं अजून लग्न जमत नाहीये," मावशी ओरडल्या, "आणि तुम्ही मूल घालून मोडलंत पण!"

मेघनाचा चेहरा पांढरा. दादा उठला. "माझी चूक आहे, मावशी. मीच केलंय ते." मावशींनी त्याला वीस मिनिटं धुतला. शेवटी दमल्या. विचारलं, "तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"उंची?"

दादाने सांगितली. मावशींनी पर्समधून जुनी वही काढली आणि तिथेच लिहून घेतली.

मेघना हे सांगताना हसत होती. मग म्हणाली, "मी त्याला म्हटलं, तू का घेतलंस अंगावर? तर म्हणाला, तू घरी जाऊन रडत बसली असतीस, मी घरी जाऊन जेवणार होतो." नंतर तीच रडायला लागली. मी तिला माझा प्रश्न त्या दिवशी विचारलाच नाही.

* * *

आता पुढचा किस्सा माझा आहे. ऑफिसात कोणी तो काढत नाही. मीच काढतो.

एका पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचं मोठं काम येणार होतं. पेशंटचे रिपोर्ट फोनवर. दादाने चार महिने घालवले होते. तिसरा साचा, डावीकडे टेस्टचं नाव, उजवीकडे आकडा. साधं, स्वच्छ. मी स्वतः तेलकट बोटांनी, ओल्या बोटांनी, काउंटरवरच्या उन्हात तपासलं होतं. अंगठा कुठेच अडला नव्हता.

दाखवायच्या दिवशी लॅबच्या मालकाचा मुलगा आला. माझ्याच वयाचा. खुर्चीत मागे रेलून दोन वेळा स्क्रीन वर-खाली केला. "ये तो सेटिंग्ज जैसा दिखता है. इसमें आपने किया क्या?"

दादा शांतपणे म्हणाला, "तुमचे पेशंट जास्त करून म्हातारे आहेत. त्यांना हे न शिकवता वापरता येतं."

"इतना तो मेरा ड्रायव्हर बना देगा."

त्याच्याबरोबरचे दोघे हसले. सरही थोडेसे हसले. सर म्हणतात, घाबरून हसलो. असेल.

मी उठलो. टेबलावरचा कीबोर्ड वायरीसकट उपटला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "बना! अभी बना! ड्रायव्हर को भी बुला!"

तो उभा राहिला. मी त्याची कॉलर धरली की नाही, यावर ऑफिसात अजून दोन मतं आहेत. धरली होती.

काम गेलं. ते लोक जिना उतरून गाडीत बसले. मग दादा मला बाहेर जिन्यात घेऊन आला.

"तुला काय वाटलं, मला ऐकू आलं नाही?" तो म्हणाला. "मला आलं होतं. मी गिळलं होतं. तुला मध्ये पडायला कोणी सांगितलं?"

"तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी काही करू नकोस तू. उद्यापासून इथे यायचं नाही."

"नाही येत! तुझं थोबाडपण बघणार नाही परत!"

खालचं मशीन धाडकन पडलं. पुन्हा पडलं. दादा काहीतरी बोलणार होता, असं मला आता वाटतं. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगितलं, मामाचं छप्पर करायचंय, देवगडला जातो. पनवेलच्या पुढे गाडीच्या खिडकीतून सिमकार्ड काढून फेकून दिलं. मला वाटलं, दोन-चार दिवस लावू दे फोन, कळेल. म्हणजे त्याने लावला की नाही हे मलाच कधी कळणार नाही, एवढं साधं त्या वेळी डोक्यात आलं नाही.

मामाकडे मोबाईल नाही. निरोप वाडीतल्या किराणा दुकानात येतो. तिथे भांडण मिटवायला कोणी फोन करत नाही, सगळ्या वाडीला कळतं. दहाव्या दिवशी दुकानदार चढण चढून धावत आला तेव्हाच मला समजलं की काहीतरी वाईट आहे.

मुंबईला हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दादाच्या तोंडात नळी होती. नर्स म्हणाली, "बोला तुम्ही, कधी कधी ऐकू येतं." मी इतका तोंडाळ माणूस. एक शब्द निघाला नाही. मी त्याच्या पायाच्या बोटांकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

यात हसण्यासारखं काही असेल तर ती कॉलर.

* * *

ऑफिसची माणसं दहिसरला आमच्या चाळीत भेटायला आली. खोली लहान, सगळे गुडघे पोटाशी घेऊन सतरंजीवर. रोहन म्हणाला, "काकू, त्याच्यासारखं साधं काम कोणी करत नव्हतं." आईला ते कौतुक वाटलं की तक्रार, कळलं नाही.

मग आईनेच विचारलं. आई मालवणी बोलते, शहरात तीस वर्षं काढून तेवढं सुटलं नाही. "गो बाय, माझो झील करी तरी काय? चार वर्षां मी इचारतंय. म्हणी, याद्यो करतंय. कसल्यो याद्यो?"

मेघनाने पर्समधून आपला फोन काढला. ऑफिसच्या ॲप त्यात नव्हत्या. तिने सेटिंग्ज उघडल्या आणि फोन आईच्या हातात दिला. "काकू, या असल्या ओळी."

आईने बोटाने यादी वर सरकवली. आवाज. डिस्प्ले. बॅटरी. एकात शिरली, आत आणखी यादी. त्यात शिरली, आणखी यादी. आईचं बोट थांबेना. सगळी खोली तिच्याकडे बघत होती.

"ह्यां सगळां माझ्या झिलान केल्यान?"

परांजपे सरांनी तोंड उघडलं. मेघनाने त्यांच्या आधी उत्तर दिलं.

"हो, काकू. सगळं."

आता आई चाळीत आयफोनवाला कोणी दिसला की त्याला थांबवते. त्याच्याकडून सेटिंग्ज उघडून घेते. दाखवते. परवा तर एका कुरिअरवाल्याला तिने सांगितलं, "नीट वापर हां. पोरान लय मेहनत घेतल्यान." तो पोरगा फोन खिशात ठेवताना दोन्ही हातांनी ठेवत होता.

* * *

मागच्या शनिवारी दुपारी मेघनाचा फोन आला. दादाच्या जागी नवीन मुलगा येणार होता. सरांनी तिला दादाचा लॅपटॉप पुसून द्यायला सांगितलं होतं. म्हणाली, "ये. पुसायच्या आधी एक बघून जा."

मी काउंटर शेजाऱ्याकडे टाकून निघालो.

दादाच्या खुर्चीत ती बसली नव्हती. शेजारी आपल्याच खुर्चीत बसून हात लांब करून काम करत होती. स्क्रीनवर एक ॲप होती, ऑफिसच्या कुठल्याच कामाची नाही. वर नाव लिहिलेलं, 'बाळूचं काउंटर'. घरी मला बाळू म्हणतात. दुरुस्तीला आलेले फोन लिहून ठेवायची ॲप. मी चिठ्ठ्यांवर लिहितो आणि चिठ्ठ्या हरवतो, म्हणून.

"कधीची?" मी विचारलं.

तिने तारीख बघितली. "सुरू केलीय तू देवगडला गेलास त्या दिवशी. शेवटची सेव्ह केलीय तो ताप घेऊन ऑफिसातून घरी गेला त्या दिवशी."

तिने ॲप चालवली. यादी आली. आठ ओळी. आठही ओळींत एकच शब्द. बाळू. बाळू. बाळू. बाळू.

"हे काय?"

"टेस्टिंगसाठी आम्ही काहीही भरतो रे. एकच नाव कॉपी करत जातो." ती कोडमध्ये शिरली, वर-खाली केलं आणि थांबली. "थांब हां."

"काय झालं?"

"प्रत्येक ओळीला खालची बारीक अक्षरंही दिलीयत त्याने. पण साचा पहिला ठेवलाय. नुसत्या नावाचा. त्यात खालच्या ओळीला जागाच नसते. तुम्ही कितीही लिहा, दिसत नाही. चूक आहे असंही फोन सांगत नाही. गप्प बसतो."

"मग?"

"मग काही नाही. नवीन मुलं करतात ही चूक." ती स्क्रीनकडे बघत राहिली. "प्रशांत नाही करत."

"मुद्दाम केलंय?"

"मला नाही माहीत, बाळू."

रोहन आपल्या जागेवरून उठून आमच्या मागे येऊन उभा राहिला. सर केबिनच्या दारात आले. खालचं मशीन जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं.

"लावू का दुसरा साचा?" मेघनाने विचारलं.

मी हो म्हणालो. तिने एक शब्द खोडून दुसरा लिहिला. ॲप टेस्टिंगच्या फोनवर पुन्हा चालवली आणि फोन माझ्या हातात दिला. मला वाचायला वेळ लागतो. कोणी घाई केली नाही.

बाळू
बंद.

बाळू
बंद. मेसेजही गेला नाही.

बाळू
सकाळी बंद. दुपारी बंद.

बाळू
सरांनी विचारलं. म्हटलं, रजेवर आहे, मंगळवारी येईल.

बाळू
बंद. काउंटरला कुलूप आहे का बघून आलो. आहे.

बाळू
बंद.

बाळू
मंगळवार. आला नाही. बंद.

बाळू
बंद. अंगात कणकण आहे. आईला सांगितलंय, बाळूचा मला रोज फोन येतो.